भोंग्याच्या हँडलसह माझ्या मालमत्तेची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धरणाचा निवृत्त गेटवाला, बाप्तिस्मा झालेला आणि मंडळीच्या वहीत नाव असलेला ख्रिस्ती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही आणि कोणी धाक घातलेला नाही. धाकाच्या बाबतीत मी पहिल्यापासून स्वावलंबी आहे. येत्या मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडून आतल्या नळ्या बदलणार आहेत. "दहातले नऊ जण चालत घरी जातात," असे ते म्हणाले. त्या नऊ जणांचा विचार माझ्या मनात एकदाही आलेला नाही. दहावा मात्र रोज दाढी करताना आरशात दिसतो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोनदा करायला घेतले आणि दोन्ही वेळा पाचव्या कलमापाशी भिऊन फाडले. तेव्हा हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

कलम १. घर.
धरणाच्या भिंतीकडे जाणाऱ्या चढावर डाव्या हाताला माझे चार खोल्यांचे घर आहे. ते मागच्या नळासह आणि जिन्याखालच्या अडगळीसह माझ्या वहिनींना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीला मिळावे. भाऊ गेल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षे, त्या प्रार्थनामंदिरामागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि रोज दुपारी चढ चढून माझा डबा आणतात. गुडघे दुखतात तरी आणतात. मी नको म्हटले तर "मग मी दुपारी कोणावर ओरडू, भावजी?" असे विचारतात. मग मी जेवायला बसतो.

पूर्वेकडची खिडकी मी सव्वीस वर्षांपूर्वी खिळे ठोकून बंद केली आहे. कारण पाचव्या कलमात येईल.

वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याला दिलेले रद्द होते. म्हणून वहिनींनी या कागदावर सही करू नये. कोणत्याही कारणाने घर वहिनींना मिळाले नाही, तर ते बसस्टँडजवळ किल्ल्या बनवणाऱ्या माणसाला मिळावे. तो पूर्वी धरणाच्या कोठारावर कामाला होता. हे वाचून वहिनी संतापतील, कारण त्या त्याला पाण्यात पाहतात. तो राग त्यांनी पाचव्या कलमापर्यंत राखून ठेवावा.

कलम २. बचत.
इस्पितळाचा खर्च भागून जे उरेल त्यातून खालच्या गल्लीसाठी नवा भोंगा घ्यावा. तो वीज गेली तरी वाजणारा आणि हँडल न लागणारा असावा. त्यावर माझे नाव घालू नये.

कलम ३. कपडे, हत्यारे आणि जुने हिशेब.
तेलाची बुधली, नट आवळायचे दोन पाने आणि गमबूट हल्लीच्या गेटवाल्याला द्यावेत. गमबूट त्याला मोठे होतील, पण पायमोजे दोन घालता येतात.

प्रार्थनामंदिरात पेटी वाजवणाऱ्याकडे माझी काळी छत्री आहे. अकरा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेली. ती त्याच्याकडे राहू द्यावी, पण मला माहीत होते एवढे त्याला सांगावे.

शेजारच्या शिंप्याने शिवलेला माझा एकुलता एक सूट पाठीत उसवतो. त्याच सुटात मला पुरणार आहेत. तो आधी नीट शिवून घ्यावा. पुनरुत्थानाच्या दिवशी उठून उभे राहायचे आणि पाठ उघडी, हे मला चालणार नाही. शिंपी या कागदाचा दुसरा साक्षीदार आहे, तेव्हा हे त्याने वाचले असे मी धरून चालतो.

रेनकोट कोणालाही देऊ नये. जाळावा.

कलम ४. घड्याळ.
माझ्या मनगटावरचे घड्याळ माझ्याबरोबर पुरावे आणि पुरण्याआधी त्याला चावी द्यावी. ते थांबेपर्यंत तरी मी खाली अगदी एकटा नसेन.

भाऊ घड्याळजी होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि मी जेवढा भित्रा तेवढाच तो बिनधास्त. मी धरणावर लागलो त्याच वर्षी त्याने खालच्या गल्लीत, नदीच्या काठाला लागून, दुकानाचा गाळा घेतला आणि मागे बिऱ्हाड केले. सगळे म्हणाले, तिथे पाणी येईल. तो म्हणाला, "येऊ दे की. वर माझा भाऊ बसलाय." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, नियमाचे तीन भोंगे गावासाठी. त्याच्या आधी एक लांब सूर माझ्यासाठी. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातावर टाळी दिली आणि खूण म्हणून हे घड्याळ माझ्या मनगटावर बांधले. "हे बंद पडलं की माझ्याकडे आण. आणि मी बंद पडायची वेळ आली तर तू मला कळव." आम्ही दोघेही हसलो. आमच्यातला करार तो एवढाच आणि हे त्याचे चिन्ह.

लग्नाची माझी बोलणी एकदा झाली होती. अंगठीही घेतली होती. सव्वीस वर्षांपूर्वी खालच्या गल्लीत पाणी शिरले, त्यानंतर मी ती परत केली. अंगठी म्हणजे पुन्हा एक करारचिन्ह, आणि माझ्या हातात चिन्हे सुरक्षित राहत नाहीत.

कलम ५. हँडल.
हे कलम वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद करीन. मला पुरल्यानंतर वहिनींनी ते एकट्याने वाचावे.

वहिनी, जिन्याखाली गोणपाटात गुंडाळलेली वस्तू हातभोंग्याचे हँडल आहे. ते कधीही हरवलेले नव्हते.

धरणाच्या भिंतीवर आतून फुटांच्या खुणा रंगवलेल्या असतात आणि त्यांच्यावर एक लाल रेघ. पाणी रेघेला टेकले की भोंगा वाजवायचा, खालच्या लोकांना निघायला अर्धा तास द्यायचा, मग दरवाजे एकेक करून उघडायचे. माझी सगळी विद्या एवढीच. वीज नसली तर हाताने फिरवायचा भोंगा होता. त्याचे लोखंडी हँडल वेगळे असे आणि ते माझ्या खोलीत खिळ्यावर टांगलेले असे.

भाऊ गेला त्या आठवड्यात सोमवारी मी भोंगा वाजवला होता. पाणी रेघेच्या दोन बोटे खाली होते आणि मी घाबरलो. खालची गल्ली भर पावसात गाद्या डोक्यावर घेऊन चढावर आली. पाणी काही आले नाही. लोकांनी माझे नाव 'भागूबाई' ठेवले. प्रार्थनामंदिराच्या पायरीवर कोणीतरी "लांडगा आला रे आला" म्हणाले आणि सगळे हसले. भाऊही हसला. पण त्याने सोमवारी सामान हलवले होते, हे मी पाहिले होते.

गुरुवारी दुपारी चार वाजता पाऊस थांबला आणि ऊन पडले. वीज सकाळपासून नव्हती. साडेचारला पाणी रेघेला टेकले. मी स्वतः खाली वाकून पाहिले, याबद्दल कोणी माझ्या बाजूने शंका घेऊ नये. मी खिळ्यावरून हँडल काढले आणि भोंग्याकडे निघालो. समोर पूर्वेच्या डोंगरांवर अख्खे धनुष्य उभे होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही तुटलेले नव्हते.

आम्हाला लहानपणापासून शिकवलेले आहे. जलप्रलयानंतर देवाने मेघात धनुष्य ठेवले, पुन्हा पाण्याने नाश करणार नाही या कराराचे चिन्ह म्हणून. मी हँडल खाली ठेवले, टोपी काढली आणि तिथेच भिंतीवर गुडघे टेकून आभार मानले. पाणी उतरणार, असे मला वरून कळवण्यात आले आहे, असे मी समजलो. आमच्यातला नसलेला गेटवाला असता तर त्याने "काय रंग आहेत!" म्हटले असते आणि भोंगा वाजवला असता. ही चूक करायला बाप्तिस्मा झालेलाच माणूस हवा होता.

याहून वाईट आहे ते आता लिहितो. धनुष्य पाहून मला आनंद झाला तो देवाच्या वचनाचा नव्हता. भोंगा न वाजवायला कारण मिळाले, त्याचा होता. पुन्हा पाणी आले नसते तर पुन्हा हसले असते, या भीतीने मी सोमवारपासून मरत होतो. देवाच्या चिन्हाआड मी माझी लाज लपवली. आणि अठरा वर्षे आभाळ पाहून नोकरी केलेल्या माणसाला एवढे तरी कळायला हवे होते की धनुष्य जिथे दिसते तिथे पाऊस पडत असतो. त्याच डोंगरांचे पाणी माझ्या धरणात येते.

पावणेसहाला पाणी दरवाज्यांवरून सांडू लागले. माझी पाचावर धारण बसली. मी एकेक करून नव्हे, सगळे दरवाजे एकदम उघडले. खालच्या गल्लीत सात माणसे गेली. त्यांतला एक माझा भाऊ. हँडल तेव्हा माझ्या रेनकोटच्या खिशात होते. तिथे मी ते कधी घातले हे मला खरोखर आठवत नाही.

वहिनी, तुम्ही पाच वाजता औषध आणायला वर बाजारात निघालात. "पाणी वाढलंय का हो?" असे तुम्ही त्याला विचारलेत. तो डोळ्याला भिंग लावून काम करत होता. "भोंगा वाजला का? नाही ना? मग वर माझा भाऊ आहे. तू जा," असे तो म्हणाला. हे त्याचे शेवटचे शब्द. दर वर्षी त्या दिवशी तुम्ही मला ते सांगता, माझे मन हलके व्हावे म्हणून. "शेवटपर्यंत तुमच्यावर विश्वास होता हो त्यांचा," म्हणता आणि डोळे पुसता. मी त्या दिवशी जेवत नाही. तुम्हाला वाटते, भावाच्या आठवणीने.

चौकशीत साहेबांनी विचारले, "हातभोंगा का नाही वाजवला?" मी म्हणालो, "हँडल जागेवर नव्हतं." खरे तर ते पाणी येण्याच्या आदल्याच आठवड्यात कोठारातून तेलपाणी होऊन परत आले होते. कोठारवाल्याने स्वतः आणून दिले, वही पुढे केली आणि म्हणाला, "पोचल्याची सही करा." मी म्हणालो, "नंतर करतो." ती सही मी कधीच केली नाही. सही नाही म्हणजे हँडल कोठारातच राहिले, असे कागदाने ठरवले. त्याची नोकरी गेली. खोलीतून बाहेर पडताना त्याने फक्त माझ्या रेनकोटच्या खिशाकडे पाहिले. त्या दिवशीही ते हँडल तिथेच होते.

तेव्हापासून तुम्ही त्याचे तोंड पाहिलेले नाही. तो प्रार्थनामंदिरात सगळ्यात मागे बसतो. तुम्ही त्याच्या आधी आत जाता आणि तो गेल्यावर बाहेर येता. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचे ताट त्याच्या हातून आले तर तुम्ही ते घेत नाही, दुसरीकडून येण्याची वाट पाहता. तुमच्या शेजारी बसून मी हे दर महिन्याला पाहतो.

हँडल त्याला द्यावे.

कलम ६. पत्र्याचा डबा.
कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा जुना डबा आहे. त्यात भाकरीचे वाळलेले तुकडे आहेत.

प्रभुभोजनातली भाकर आणि प्याला ही नव्या कराराची चिन्हे. जो ती अयोग्य रीतीने घेतो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, असे शास्त्रात आहे. बाकी शास्त्र मला वाचून कळते, हे मात्र पाठ आहे. म्हणून मी तुकडा घेतो, तोंडापाशी नेतो आणि रुमालात सोडतो. प्याला ओठाला लावतो आणि पुढे देतो. खायची भीती वाटते आणि टाकायचीही, तेव्हा तुकडे साठत गेले. कधी कधी कपाटापाशी गेलो की ते आत हलले असे वाटते. मुंग्या असतील. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगीच नाही.

हा डबा माझ्या शवपेटीत ठेवू नये. पलीकडे तो माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून उघडला जाईल. पाळकांनी त्याचे योग्य ते करावे आणि केले ते मला सांगू नये.

कलम ७. चिन्हांविषयी.
यात मालमत्ता नाही, पण इथे लिहिले नाही तर पुढचे कळणार नाही.

आमचे पाळक चाळिशीचे आहेत. ते गुरुवारी संध्याकाळी मला भेटायला आले. शस्त्रक्रियेआधी, मंगळवारी सकाळी, घरीच भाकर आणि प्याला घेऊन येतो म्हणाले. मी ताकाला जाऊन भांडे लपवले. म्हणालो, "पाळकसाहेब, एखाद्याने करारचिन्हाचा चुकीचा अर्थ लावला तर?"

"कोणी?"

"आहे एक ओळखीचा. त्याने धनुष्य पाहिलं आणि त्याला वाटलं, संपला पाऊस."

पाळक हसले. "काका, ते ठेवलंय कुठे? मेघात. ऊन पडलेल्या अंगणात नाही. पाऊस संपला हे सांगायला ते नाहीच मुळी. पाऊस पडत असतानाही मी माझा शब्द विसरलेलो नाही, एवढं सांगायला आहे. आणि बघायचं कोणी? देव म्हणतो, मी ते बघेन आणि मला आठवण होईल. आपण बघितलं नाही तरी करार चालूच."

"मग माणसाने काय करायचं?"

"तारू बांधणाऱ्या त्या म्हाताऱ्याने काय केलं? आधी सुतारकाम. धनुष्य नंतर."

"आणि ज्याने सुतारकाम केलंच नाही?"

पाळकांनी बोटाने हवेत कमान काढली. "धनुष्य हे हत्यार आहे, काका. आभाळातलं ते कसं असतं? बाक वर, दोरीची बाजू खाली. बाण सुटला तर कोणाकडे जाईल?"

"वर."

"हां. आपल्याकडे नाही. शास्त्रातल्या त्या गुलामांनी मरण टळावं म्हणून दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं, तेव्हाही तेच. मरण घरावरून पुढे गेलं, पण कोकरू मेलंच होतं ना? करार मोडणार आपण, हे देवाला ठाऊक होतं. म्हणून त्याने नेम स्वतःवर धरून ठेवला. भाकर मोडतो तेव्हा दुसरं काय सांगतो आपण? लायक माणसांनाच द्यायची असती तर दर महिन्याला भाकर आणायचं कारणच नव्हतं."

हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. मला जास्त भीती वाटली. बाण माझ्यावर येणार असेल तर मला वाकून, डोळे मिटून बसता येते, तेवढा सराव आहे. पण तो दुसऱ्या कोणी घेतला असेल तर मी त्याच्याकडे कोणत्या तोंडाने पाहायचे? माझ्या वाट्याचे आधीच दोघांनी घेतलेले आहे, एक भावाने आणि एक कोठारवाल्याने.

शुक्रवारी सकाळी पाचव्या कलमाचे पाकीट बंद करायला मी गोंदाची बाटली उघडली. ब्रश हातात घेतला आणि हात थांबला. पाणी रेघेला टेकले आहे. खाली वहिनी आहेत. वर दीर बसला आहे म्हणून त्या निर्धास्त आहेत. आणि मी पुन्हा भोंगा न वाजवताच निघून जायची व्यवस्था करतो आहे. त्यांना हे माझ्या कबरीवरून परतल्यावर कळेल. त्या एकट्या असतील, आणि भांडायला, शिव्या द्यायला, विचारायला समोर कोणी नसेल. हे सगळे मी एकदा करून बसलो आहे.

पाकीट फाडले. गोंद बाटलीत परत ओतताना अर्धा टेबलावर सांडला, त्याचा डाग वरच्या कोपऱ्यात दिसतो आहे तो तोच.

कलम ८. शनिवारी संध्याकाळी जोडलेले.
चार वाजता मी चौघांना बोलावले. पाळक आणि शिंपी साक्षीदार म्हणून. वहिनी. आणि कोठारवाला. तो येणार आहे हे मी वहिनींना सांगितले नव्हते. तो आधीच येऊन दाराजवळच्या खुर्चीवर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला पाहताच वहिनी उंबऱ्यातच वळल्या.

"ह्याला कशाला बोलावलंत, भावजी?"

मी म्हणालो, "वहिनी, बसा. लांब सूर आहे."

भावाने त्यांना तो करार सांगितलेला होता. त्या आत आल्या आणि बसल्या.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. सुटाच्या वेळी शिंपी गळ्यातल्या टेपशी चाळा करत "परवा शिवून देतो," म्हणाला. पाचवे कलम वाचताना मी दोनदा ओळ चुकलो. पाळकांनी पाणी दिले. वाचून झाल्यावर मी गोणपाट सोडून हँडल टेबलावर ठेवले. ते गंजले आहे, पण ओळखू येते.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. हँडलकडे पाहत म्हणाल्या, "टेकलं होतं रेघेला?"

"हो."

"आणि हे हातात होतं?"

"हो."

त्यांनी हँडलवरचा गंज बोटाने पुसून पाहिला. मग म्हणाल्या, "दर वर्षी मी तुम्हाला त्यांचे शब्द सांगत होते. तुम्ही ऐकून घेत होता."

"हो."

"थांबवायचं होतंत मला. निदान एवढं तरी."

याला मी हो म्हणू शकलो नाही. मी रडलो, ते इथे लिहून ठेवतो.

वहिनी उठल्या. "हवा नाही इथे. ती खिडकी उघडा कोणीतरी." कोठारवाल्याने पिशवीतून पक्कड काढली आणि पूर्वेच्या खिडकीचे खिळे एकेक करून उपटले. मी तिकडे पाठ केली. मग धीर करून पाहिले. बाहेर काही नव्हते. कोरडे आभाळ होते आणि शेजारच्या घराची कपडे वाळत घालायची दोरी.

वहिनी कोठारवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमच्याशी काय बोलावं ते मला कळत नाहीये."

"मलाही नाही, बाई," तो म्हणाला. "सवय गेली." त्याने हँडल उचलून फिरवून पाहिले. "तेल द्यायला हवं याला."

पाळकांनी सही केली. शिंप्याने पेन हातात घेतले, तेवढ्यात वहिनींनी ते त्याच्या बोटांतून काढून घेतले.

"वहिनी," पाळक म्हणाले, "तुम्ही सही केलीत तर घर जाईल तुमचं."

"कोणाकडे जाईल ते आत्ताच वाचलं त्यांनी. बहिरी नाही मी."

कोठारवाला उठून उभा राहिला. "बाई, मला नको घर."

"तुम्हाला कोण विचारतंय? कागद ठरवेल. मागच्या वेळीही कागदानंच ठरवलं होतं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. हँडल टेबलावर आल्यापासून पहिल्यांदा. "माफ केलं, असं मी म्हणणार नाही. आज नाही. उद्या हे सगळं मंडळीत वाचायचं, तुम्ही स्वतः, उभं राहून. आणखी सहा घरं आहेत. आणि मंगळवारी त्या टेबलावरून उठून घरी यायचं. मग भांडते मी. मेलात तर मी भांडू कोणाशी?"

"डॉक्टर म्हणाले, दहातले नऊ..."

"त्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. पाळक मंगळवारी सकाळी भाकर आणणार आहेत ना? मी शेजारी बसेन." त्यांनी हात पुढे केला. "तो रुमाल इकडे द्या."

"कोणता?"

"निळ्या चौकटीचा. सव्वीस वर्षं शेजारी बसते मी तुमच्या. मला वाटायचं, दातांचं काही दुखणं असेल."

मी खिशातून रुमाल काढून दिला. त्यांनी त्याची घडी केली आणि पिशवीत टाकला.

तरी वरील मालमत्तेतून निळ्या चौकटीचा एक रुमाल कमी करावा. पहिल्या कलमातले घर कोणाला मिळेल ते आता कायद्याप्रमाणे व्हावे. माझी भीती कमी झालेली नाही. उद्याची आहे, मंगळवारची आहे, आणि मंगळवारी रुमालावाचून भाकरीचा तुकडा हातात येईल त्या क्षणाची सर्वांत जास्त आहे. ती मी कोणाच्याही नावे करत नाही.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली, पूर्वेची खिडकी उघडी.
दिनांक: शनिवार, शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी, संध्याकाळचे सव्वासहा. घड्याळ चालू आहे.

मृत्युपत्र करणार: निवृत्त गेटवाला (सही)

हातभोंग्याचे हँडल कोठारातून पोचले, तक्रार नाही: तोच (सही, सव्वीस वर्षे उशिरा)

साक्षीदार पहिला: मंडळीचे पाळक (सही)

साक्षीदार दुसरा: ~~शेजारचा शिंपी~~ गेटवाल्याची वहिनी, घड्याळजीची बायको (सही). सहीखाली त्यांच्या अक्षरात: "भोंगा ऐकला."